एकाच गाळ्यातल्या दोन वह्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



बिबवेवाडीत राहणाऱ्या माणसाला मार्केट यार्ड पाहायला जावं लागत नाही. ते वासानंच घरी येतं. वारा तिकडून असला की सकाळी मिरचीचा खकाणा, दुपारी गूळ आणि पावसाळ्यात भिजलेल्या पोत्यांचा कुबट वास. मी याच वासात वाढलो आणि बी.ए. झाल्यावर याच वासात नोकरीला लागलो. भुसार बाजारातल्या एका गाळ्यावर मी दिवाणजी होतो. वीस वर्षांहून अधिक काळ मी तिथं हिशेब लिहिले. कविता लिहिल्या त्याही त्याच टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत, पट्ट्यांच्या कोऱ्या बाजूवर.

माझ्यासमोर कायम दोन वह्या असायच्या. एक उधारीची खातेवही. कुणाला किती माल दिला, कुणाचं येणं, कुणाचं देणं हे त्यात. दुसरी हमालीची वही. कुणी किती पोती उतरवली, किती थप्पीला लावली हे त्यात. पहिल्या वहीतली बरीच नावं राजस्थानातून, गुजरातमधून, कच्छमधून आलेल्या घराण्यांची. दुसऱ्या वहीतली नावं मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरातली आणि मराठवाड्यातली. म्हणजे दोन्ही वह्यांतली माणसं बाहेरून आलेली. दोघंही याच बाजाराच्या आधारानं इथं रुजली. आज त्यांची नातवंडं एकाच बिबवेवाडीत राहतात, पण एक सोसायटीत आणि दुसरी अप्पर इंदिरानगरच्या चढावर. असं का झालं, हा प्रश्न मला त्या वह्यांनी विचारला. त्याचं मला उमगलेलं उत्तर आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सगळे आडते मारवाडी-गुजराथी नाहीत. मराठा आहेत, लिंगायत आहेत, फळबाजारात आमचे बागवान आहेत. सगळे मारवाडी श्रीमंतही नाहीत. आयुष्यभर दुसऱ्याच्या गादीखाली बसून मुनिमी केलेले, भाड्याच्या खोलीत म्हातारे झालेले मारवाडी मी पाहिले आहेत. तरीही सरसकट पाहिलं तर फरक आहे. तो डोळ्यांना दिसतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

आमच्या शेठजींचे आजोबा छप्पनियाच्या दुष्काळानंतर मारवाड सोडून आले. छप्पनिया म्हणजे विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ, इंग्रजी सन १८९९-१९००. राजस्थानात त्या दुष्काळाच्या आठवणी अजून घरोघरी सांगतात. गुरं मेली, माणसं मेली, विहिरींनी तळ दाखवला. आमच्या शेठजींच्या आईनं मला एकदा सांगितलं होतं की, त्यांच्या घरात ताटात अन्न टाकलं तर अजूनही कुणीतरी त्या सालाचं नाव घेतं.

माझे अब्बा आले ते १९७२ च्या दुष्काळानंतर. परांडा तालुक्यातलं खेडं. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोची लाल भाकरी खाल्ली. मग अम्मीला आणि कडेवरच्या मला घेऊन पुण्याची वाट धरली. मला त्यातलं काही आठवत नाही. पण आमच्याकडेही ताटात अन्न टाकलं की बहात्तर सालाचं नाव निघायचं.

म्हणजे बघा, दोन्ही घरं दुष्काळाची लेकरं. शेठजींच्या घरात आणि आमच्या घरात उष्ट्या ताटावरून मुलांना बोलणी बसायची ती जवळपास एकच. मग मधल्या काळात काय घडलं?

बाजारात याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. शेठ लोक म्हणतात, "दिवाणजी, या लोकांच्या हातात पैसा टिकत नाही." हमाल म्हणतात, "धंदा त्यांच्या रक्तातच असतो, आपल्याला नाही जमायचं." एका वाक्यात तुच्छता आहे आणि दुसऱ्यात हार आहे. पण मला ही दोन्ही वाक्यं एकच वाटतात. दोन्हींचा अर्थ असा की फरक माणसाच्या आत आहे, जन्मानं आलेला आहे, आणि तो बदलणार नाही. मीही तरुणपणी हे मानत होतो. वह्या लिहिता लिहिता माझं मत बदललं.

शेठजींचे आजोबा पुण्यात उतरले तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता, पण खिशात एक चिठ्ठी होती. गावच्या कुणाच्या तरी चुलत्याची पेढी इथं होती. मारवाडी माणसाच्या स्थलांतराची ही जुनी रीत. देशावर जाणारा पोरगा मोकळ्या मैदानात जात नाही, तो पेढीवर जातो. कोलकात्यासारख्या शहरात तर या लोकांचे बासे होते, म्हणजे आपल्या मुलखातल्या एकट्या पुरुषांसाठी चालवलेली सामाईक जेवणघरं. नव्यानं आलेल्याला झोपायला गादीचा कोपरा, जेवायला पंगत आणि शिकायला वही. चार-पाच वर्षं तो उमेदवारी करायचा. नावे-जमा शिकायचा, मालाची पारख शिकायचा, कुणाची पत किती हे शिकायचा. मग एक दिवस त्याला उधारीवर माल मिळायचा आणि तो स्वतःचं दुकान टाकायचा. त्याच्या हुंडीवर सही त्याची असली तरी तिच्यामागे सगळ्या बिरादरीचा शब्द असायचा.

अब्बा पुण्यात उतरले तेव्हा त्यांचीही वाट पाहणारं एक माणूस होतं. गावचे एक मामा नाना पेठेत हमाली करत होते. त्यांनीही झोपायला कोपरा दिला, भाकरी दिली. मनाचा मोठेपणा तोलला तर मामांचा कोपरा पेढीच्या कोपऱ्यापेक्षा लहान नव्हता. पत्र्याच्या एका शेडमध्ये आम्ही अकरा जण राहत होतो. पण मामा देऊन देऊन काय देणार? ते टोळीत जागा देऊ शकत होते. पाठीवर पोतं कसं घ्यायचं, हूक कुठं अडकवायचा, फळीवर पाय कसा टाकायचा हे शिकवू शकत होते. पोतं तेव्हा शंभर किलोचं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच पुरुष कामगारासाठी पंचावन्न किलोची मर्यादा सुचवली होती, पण नाना पेठेतल्या पोत्यांना ती माहीत नव्हती.

तर हा पहिला फरक. दोघांनाही आपल्या माणसांनी हात दिला. एकाच्या आधारानं पत मिळाली, दुसऱ्याच्या आधारानं ओझं मिळालं. पत वापरली की वाढते. पाठ वापरली की झिजते.

आता एक आठवडा सांगतो. १९९५ च्या सुमाराचा. त्या आठवड्यानं मला माझ्या दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवायला शिकवलं.

अब्बा आणि टोळीतले त्यांचे एक सोबती, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, यांच्या मनात एक जुना टेम्पो घ्यायचं आलं. पाठ थकत चालली होती. किराणा दुकानदारांना माल पोचवायचा धंदा दोघांना चांगला ठाऊक होता, गिऱ्हाईकं ओळखीची होती. काही रक्कम साठवली होती, चाळीस हजार कमी पडत होते. मी बी.ए. झालेला मुलगा, मीच अर्ज लिहिला आणि दोघांना घेऊन एका बँकेत गेलो. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मग दोन जामीनदार मागितले, पगारपत्रक असलेले. आमच्या ओळखीत पगारपत्रक असलेला माणूस नव्हता. पत्ता पाहून साहेब म्हणाले, "या भागातल्या अर्जांचं जरा अवघड असतं." ते रागानं बोलले नाहीत. नियमच तसा होता. आम्ही कागद घडी करून परत आलो.

त्याच आठवड्यात शनिवारी शेठजींचा भाचा राजस्थानातून आला. अठराएक वर्षांचा, मिसरूड फुटलेला. दोन वर्षं तो आमच्याच गाळ्यावर उमेदवारी करून गेला होता. त्याला पुण्यात छोटा गाळा मिळाला होता. शेठजींनी माझ्यासमोर साखरेच्या व्यापाऱ्याला फोन लावला. बोलणं अर्ध्या मिनिटाचं. "पोरगा माझा समजा." बस्स. सोमवारी साखरेचा एक ट्रक उधारीवर त्याच्या दारात उभा राहिला. त्या ट्रकमधली पोती उतरवायला टोळी लागली, त्यात अब्बा होते. त्या दिवशीची हमाली मी वहीत लिहिली.

श्रोतेहो, मी शेठजींना दोष देत नाही. त्यांनी आपल्या माणसासाठी शब्द टाकला, त्यात वाईट काय? मुलगाही कष्टाळू होता, पहाटे पाचला उठायचा. पण पहाटे पाचला अब्बाही उठायचे. हा फरक कष्टाचा नव्हता.

याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तीन-चार वर्षांनी तो भाचा बुडाला. तूरडाळीचे भाव चढतील म्हणून त्यानं साठा केला, भाव पडले. देणेकरी दारात आले. एका संध्याकाळी आमच्या गाळ्यावर पाच-सहा वडीलधारी मंडळी गादीवर बसली. मी हिशेब वाचून दाखवला. पोराला भरपूर बोलणी बसली. मग ठरलं असं की, देणेकऱ्यांनी हप्ते बांधून घ्यायचे, दुकान दोन वर्षं बंद, आणि पोरानं सांगलीला मावसकाकांच्या हळदीच्या पेढीवर काम करायचं. दोन वर्षांनी तो परत आला. आज त्याचा धंदा उत्तम चालतो. तो बुडाला होता हे नव्या पिढीला माहीतही नाही.

तात्यांचं तसं झालं नाही. त्यांचा पाय थप्पीवरून निसटला आणि मांडीचं हाड मोडलं. तोवर ते आमच्या टोळीतून निघून बाहेर बदलीवर काम करत होते, चार पैसे जास्त मिळतात म्हणून. त्यामुळे त्यांचं नाव कुठल्याच नोंदणीत नव्हतं. टोळीनं वर्गणी काढली, दोन महिने घर चाललं. पुढे तात्या गावी गेले ते तिकडचेच झाले. मुलाची शाळा सुटली. त्यांच्या बायकोनं कचऱ्यातून कागद-पत्रा वेचायला सुरुवात केली.

वह्यांनी मला दिलेलं उत्तर हे आहे. दोन समाजांची सुबत्ता मोजताना आपण घरं मोजतो, गाड्या मोजतो, दुकानं मोजतो. खरं मोजायचं ते हे की, त्या समाजातला माणूस किती वेळा पडू शकतो. व्यापारी समाजात कुणी पडतच नाही असं नाही. किती तरी पडतात. पण त्यांना दुसरी संधी असते, तिसरी असते. तात्यांना एकच होती. धंद्यात धाडस लागतं म्हणतात. मागे झेलणारं कुणी असलं तर धाडस करता येतं. नसलं तर त्यालाच लोक बेजबाबदारपणा म्हणतात.

मग हमालांनी काय करायचं? इथं मला पुण्याचा अभिमान वाटतो. जे पेढीनं मारवाडी पोराला दिलं, ते हमालांना जन्मानं मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी ते बांधलं. डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली हमाल पंचायत उभी केली. आधी प्रत्येक गाळ्यावर वेगळी मजुरी, वेगळी घासाघीस. सुट्टी नाही, म्हातारपणाची सोय नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं. या सगळ्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याची रचना साधी आहे आणि हुशारीची आहे. हमालाचा मालक एक नसतो, दिवसाला दहा असतात. म्हणून मधे एक मंडळ आणलं. हमालानं मंडळात नाव नोंदवायचं, व्यापाऱ्यानंही नोंदवायचं. व्यापारी मजुरी मंडळात भरणार आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरणार. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार. दहा मालकांच्या चाकराला एक पगारपत्रक मिळालं. बँकेतल्या त्या साहेबांनी मागितलेला कागद तो हाच.

याच्या जोडीला हमाल पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. ना नफा तत्त्वावर झुणका-भाकर. मला ती मारवाड्यांच्या बाशाची सख्खी बहीण वाटते. पतसंस्था निघाली, दवाखाना निघाला, हमालनगर वसलं. बाजार पेठांमधून गुलटेकडीला हलला तेव्हा हमाल विखुरले नाहीत, संघटना घेऊन आले. पोत्याचं वजन कमी करा ही मागणीही संघटनेनंच लावून धरली आणि शंभरच्या जागी पन्नास किलोचा कट्टा आला.

अब्बांचा टेम्पो कधी आला नाही. पण ते टोळी सोडून गेले नाहीत आणि मंडळात त्यांचं नाव राहिलं. निवृत्त झाले तेव्हा निधीची रक्कम हातात आली. त्यातून आम्ही बिबवेवाडीत दोन खोल्या घेतल्या. आमच्या घराण्यातली ती पहिली पक्की भिंत. माझ्या बहिणीचा मुलगा इंजिनिअर झाला तो त्याच खोलीत अभ्यास करून. अब्बा आणि तात्या एकाच टोळीत होते, एकाच पत्र्याच्या शेडमधून आले होते. त्यांच्यातला फरक रक्ताचा कसा म्हणता येईल? एकाचं नाव वहीत होतं, दुसऱ्याचं नव्हतं, एवढाच तो फरक.

तात्यांच्या बायकोचंही सांगतो. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्र मिळालं आणि महापालिकेनं ते मान्य केलं. त्या ओळखपत्राच्या आधी त्यांना चोर म्हणून हटकत. नंतर त्याच काकू सोसायटीच्या फाटकातून मान वर करून आत जाऊ लागल्या. त्यांची नात आज कॉलेजात आहे. उशिरा का होईना, एक वही त्यांनाही मिळाली.

तुलना करताना आणखी दोन सावधगिऱ्या बाळगायला हव्यात. पहिली वेळेची. शेठजींचं घर पुण्यात सव्वाशे वर्षं आहे, आमचं पन्नास वर्षांपूर्वी आलं. पणतवाची तुलना मुलाशी करून चालत नाही. दुसरी सावधगिरी दिसणाऱ्या-न दिसणाऱ्यांची. जे मारवाडी इथं जमले नाहीत ते देशी परत गेले, ते आपल्याला दिसत नाहीत. जे हमाल जमले नाहीत त्यांना परत जायला शेत उरलं नव्हतं, म्हणून ते इथंच फुटपाथवर दिसतात. एकीकडे यशस्वी तेवढे मोजायचे, दुसरीकडे सगळे मोजायचे, हा हिशेब कुठलाही दिवाणजी मान्य करणार नाही.

आणि तुलना चुकली की ती पेटते. याच पुणे जिल्ह्यात सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. ते दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदले आहेत. अमेरिकेतल्या यादवीमुळे वर चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला होता, सरकारनं सारा वाढवला होता, सावकारांनी नवं कर्ज बंद केलं होतं. शेतकऱ्यांचा राग मुख्यतः कर्जरोख्यांवर होता, ते हिसकावून त्यांनी जाळले. पण बोलताना नाव घेतलं गेलं ते मारवाड्यांचं आणि गुजरांचं. कापसाचा भाव आणि साऱ्याचा दर मागे राहिले. १८७९ साली सरकारनं शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला, म्हणजे चूक व्यवस्थेची होती हे त्यानंही कबूल केलं. एखाद्या अख्ख्या समाजाला एका वाक्यात बसवलं की काय होतं, हे माझ्यासारख्या नावाच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून व्यापाऱ्यांबद्दलचं तसलं वाक्य मी कधी उच्चारत नाही आणि हमालांबद्दलचं ऐकून घेत नाही.

हे केवळ आपल्याकडचं नाही. एक परदेशातला दाखला देतो. दक्षिण इटलीतली गरीब माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखांनी अमेरिकेत गेली. त्यांना तिथं घाणेरडे, गुन्हेगार, शिकणार नाहीत असले म्हणत. १८९१ साली न्यू ऑर्लिन्स शहरात जमावानं अकरा इटालियनांना ठार मारलं. १९२४ साली अमेरिकेनं कायदा करून त्यांची आवक जवळजवळ बंद केली. आज त्यांचे वंशज अमेरिकेच्या सुखवस्तू मध्यमवर्गात आहेत. तीन-चार पिढ्या, कामगार संघटना, शाळा आणि सरकारी योजना यांनी ते केलं. रक्त तेच होतं.

आता त्याच इटलीची दुसरी बाजू पाहा. समुद्रापलीकडे अल्बानिया. तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळत होती. ८ ऑगस्ट १९९१ रोजी व्लोरा नावाचं एक जहाज सुमारे वीस हजार अल्बानियन माणसं घेऊन इटलीच्या बारी बंदराला लागलं. डोलकाठीवर, शिड्यांवर, दोरखंडांवर माणसं लटकलेली. त्यांना एका स्टेडियममध्ये कोंडलं आणि बहुतेकांना परत पाठवलं. पुढची काही वर्षं इटलीत अल्बानियन माणसाबद्दल तेच शब्द वापरले गेले, जे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत इटालियन माणसाबद्दल वापरले गेले होते. आणि गंमत अशी की, दक्षिण इटलीत पंधराव्या शतकापासून येऊन वसलेल्या अल्बानियन वंशाच्या लोकांची गावं आहेत. ती माणसं अजून आपली जुनी भाषा बोलतात आणि त्यांना कुणी परके म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात इटालियन मोहल्ल्यात आता किती तरी दुकानं, खानावळी अल्बानियन लोक चालवतात. आज इटालियन आणि अल्बानियन यांच्या मिळकतीची तुलना केली, तर ती दोन समाजांची तुलना होईलच, पण त्याहून जास्त ती दोन तारखांची तुलना होईल. कोण कधी आला आणि तेव्हा दार किती उघडं होतं, याची.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो.

गेल्या पावसाळ्यात मी बिबवेवाडीत एका टपरीवर चहा घेत होतो. शेजारी ओळखीचा एक तरुण बसला होता. त्याचे आजोबा हमाल होते, अब्बांच्या टोळीतलेच. हा आता चांगल्या नोकरीत आहे. समोरून गोदामावर काम करणारी बिहारची चार पोरं पोती वाहून थकलेली चालली होती. एकाच्या पायात चप्पल नव्हती. तो तरुण मला म्हणाला, "काका, ही माणसं कशी राहतात बघा, एका खोलीत दहा-दहा जण. यांना सवयच असते."

मी म्हणालो, "आम्ही अकरा होतो. तुझे आजोबा धरून."

तो गप्प झाला. मुलगा वाईट नाही. फक्त कुणी त्याला ती शेड सांगितलीच नव्हती. आपण वर आलो की पहिलं काम करतो ते शेड विसरायचं. मग शिडी आपल्या अंगातच होती असं वाटायला लागतं.

त्या चार पोरांची मजुरी त्यांच्या ठेकेदाराच्या हातात जाते आणि उरेल ती त्यांच्या हातात. त्यांची नावं कुठल्याही मंडळात नाहीत. मोबाइलवर मागवलेलं सामान दारात आणून देणाऱ्या आपल्या पोरांचीही गत फार वेगळी नाही. ती उद्या पडली तर कुणी गादीवर बसून त्यांचा हिशेब वाचणार नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी त्यांच्या नातवंडांकडे पाहून म्हणेल की, या समाजाच्या रक्तातच काही नाही. ते वाक्य तेव्हा खोडत बसण्यापेक्षा आज त्यांना एक वही द्यावी. मी निवृत्त दिवाणजी आहे, माझ्या हातात फार काही नाही. त्या दिवशी मी त्या अनवाणी मुलाला हाक मारली, चहा दिला आणि नाव-गाव विचारलं. त्याच्या गावचं नाव मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यालाच लिहून द्यायला सांगितलं. त्यानं माझ्या डायरीत लिहिलं. अक्षर सुरेख होतं.